डाव्या रांगेचं तूप

"तुमच्या रांगेला तूप, आन आमच्या रांगेला काय गं, तोंडाची वाफ?"

हे माझ्या सासूचं बोलणं. मी नवी नवरी होते. दाराआड तूर निवडत बसले होते. बाहेर गल्लीत सासू एका ओट्यावर आणि समोरच्या ओट्यावर आबासाहेबाची आई.

"तुमची माणसं उशिरा येत्यात, त्याला आमी काय करावं?"

"उशिरा? बूड टेकून बसून ऱ्हायली की ती! तूप तुमच्याकडनं फिरून माघारी येईस्तोवर तांब्याचं बूड वाजायलं."

"मग बूड चाटायचं व्हतं."

यावर माझ्या सासूनं शेणाची पाटी तिच्या अंगावर रिकामी केली. माझ्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. म्हटलं, चला, चांगल्या घरात पडले.

आमचं गाव वालूरच्या अंगाला. गल्ली एकच, सरळ, आणि ती एका आज्याच्या दोन लेकांची. एका बाजूला सगळी घरं थोरल्या लेकाच्या वंशाची, समोरची सगळी धाकट्याच्या. त्यांना थोरले म्हणतात, आम्हाला धाकटे. गल्ली संपली की डांबरी रस्ता, रस्त्यापलीकडं मारुती. त्याच्यापुढं पंगती बसतात. थोरले एका रांगेत, धाकटे समोरच्या रांगेत. आणि आमच्याकडं रीत अशी की वरणभातावर तूप पडल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. तूप उशिरा आलं म्हणजे माणूस नुसता उपाशी राहत नाही, त्याची चार माणसांत शोभा होते.

त्या शेणाच्या पाटीनंतर जाणत्यांनी बसून ठरवलं: तूप दोन्हींपैकी कुणी वाढायचं नाही. दोन्ही रांगांच्या मधून एकच फेरी करायची. एक वाढणं इकडं, एक वाढणं तिकडं. माघारी फिरायचं नाही, कारण माघारी फिरला की दुसरी रांग मागली ठरली. असा माणूस कोण? तर मास्तरचा काशीनाथ. त्याचा बाप चारठाण्याकडून मास्तर म्हणून आला आणि इथंच राहिला. ना थोरला ना धाकटा. त्याचं घर गल्लीच्या अगदी वरच्या तोंडाला, दोन्ही ओळींच्या मधोमध, भांगातल्या कुंकवासारखं.

काशीनाथ तेव्हा पोरसवदाच होता. पुढं शाळेत शिपाई झाला, लग्न झालं, लेक झाला, नात झाली, केस पिकले; पण गावात त्याची ओळख एकच. तुपाचा तांब्या.

त्याचं वाढणं बघण्यासारखं होतं. मान खाली, चाल एका लयीची, धार इकडं, धार तिकडं. पण लक्ष असं की पुऱ्या पंगतीवर अंथरलेलं. कुणाच्या पानात मीठ नाही, कोणत्या म्हातारीला पुरी चावत नाही, कुठलं लेकरू आईच्या पानातलं खायलंय, सगळं त्याला चालता चालता कळायचं. एकदा माझ्या नवऱ्यानं गुपचूप चार लाडू रुमालात बांधले. काशीनाथ त्याच्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "दादा, रुमालाला तूप वाढू का?"

पंगत हसली. माझा नवरा मरेपर्यंत ते विसरला नाही, पण रागावलाही नाही. कारण समोरच्या रांगेत आबासाहेबालाही त्यानं असंच धरलं होतं. माणूस दोन्हीकडं सारखा बोचला की कुणाला बोचत नाही.

गेल्या संक्रांतीनंतर काशीनाथ गोठ्यात पडला. डावा हात लुळा झाला, तोंड वाकडं झालं. परभणीला दवाखान्यात नेलं. महिन्याभरात हात बराचसा वळायला लागला, बोलणं सरळ झालं, घरी आला. बायको अनसूया, ती माझी जिवाची मैत्रीण, तिनं मारुतीला नारळ फोडला. नारळ जरा लवकरच फुटला.

कारण दुसऱ्याच दिवशी काशीनाथ दाढी करून बाहेर आला तो अर्धीच. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर पांढरे खुंट. अनसूया हसली, "अवो, न्हावी पळून गेला का काय मधीच?" तो म्हणाला, "काय झालं?" आरसा दिला. त्यात बघून म्हणाला, "बरी झाली की."

मग जेवायला बसला. ताटाच्या उजवीकडं भाजी, आमटी; डावीकडं चटणी, लिंबू, मीठ, जसं सगळ्या दुनियेत वाढतात. त्यानं उजवीकडचं सगळं खाल्लं, भाकरीसुद्धा मधोमध मोडून उजवीकडची. मग चिडला. "मीठ वाढायचं कळत न्हाई का? चटणी तर न्हाईच." मीठ तिथंच होतं. अनसूयेनं ताट फिरवलं. तो म्हणाला, "हां. आता वाढलीस."

तिनं मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, डोळा गेला असंल डावा. तिनं त्याचा उजवा डोळा हातानं झाकला आणि माझ्याकडं बोट करून विचारलं, ही कोण? "सरजाकाकू हाय की," तो म्हणाला. डोळा धडधडीत चांगला.

परत परभणी. मीही गेले सोबतीला. डॉक्टरीणबाई होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं कागदावर गोल काढून दिला आणि म्हणाली, काका, यात घड्याळाचे आकडे घाला. काशीनाथनं बारापासून सहापर्यंत घातले आणि कागद परत दिला. पुढचा अर्धा गोल कोरा. त्याच्या लेखी दिवस तिथंच मावळला.

मग बाईनं विचारलं, "काका, तुमच्या घराच्या दारात उभे आहात, तोंड मारुतीकडं. गल्लीत कुणाकुणाची घरं लागतात?"

काशीनाथनं घरं सांगितली. आबासाहेबाचं, मग त्याच्या चुलत्याचं, मग पुढचं, मग शेवटचं. सगळे थोरले. धाकट्यांचं एक नाही. माझं घर त्याच्या दारातून दिसतं, आणि मी त्याच्या पुढ्यात बसलेली, माझंही नाही.

"आता तुम्ही मारुतीकडून घरी येताय. आता सांगा."

आता त्यानं सांगितलं. बालाजीचं, मग माझं, मग त्यापुढचं. सगळे धाकटे. थोरला एक नाही.

अनसूयेनं पदर तोंडात धरला. डोळ्यांची चूक म्हणावी, तर इथं बघायला गल्ली होती कुठं? ती तर त्याच्या डोक्यात होती. डोक्यातल्या गल्लीचीही डावी बाजू गेली होती.

बाईनं समजावून सांगितलं. तिचं बोलणं पुस्तकी, मला समजलं ते असं. डोळा हा दारावरचा शिपाई. तो येईल त्याला आत पाठवतो. पण आत कुणाला बसवायचं, कुणाकडं बघायचं, हे मेंदू ठरवतो. काशीनाथच्या मेंदूच्या उजव्या अंगाला मार बसलाय, आणि डाव्या बाजूकडं लक्ष द्यायचं काम त्याच अंगाकडं असतं. चित्र आत जातंय, पण मेंदू तिकडं मानच वळवत नाही. आणि वर कहर असा की काही राहिलंय हेच त्याला कळत नाही. आंधळ्याला अंधार असतो. याला अंधारही नाही.

"वळवून दाखवत जा," बाई म्हणाली. "आठवण देत जा. थोडं सुधारेल. रस्त्यावर एकटं सोडू नका."

घरी आल्यावर लेक योगीराज म्हणाला, "बोलायचं न्हाई कुठं. ईश्वरीची सोयरीक जमायलीय मानवतला. आज्याच्या डोक्यात बिघाड हाय म्हणाले तर मानवतकर मागं सरतील. अशक्तपणा हाय म्हणायचं." ईश्वरी म्हणजे त्याची लेक, काशीनाथची एकुलती नात. तिच्या लग्नाच्या पंगतीत आपल्या हातानं दोन्ही रांगांना तूप वाढायचं, हे काशीनाथ ती पाळण्यात होती तेव्हापासून बोलायचा. म्हणून सगळे गप्प बसले. आणि हनुमान जयंती आली.

अनसूया म्हणाली, या खेपेला नका जाऊ. पण त्याला काही झालंच नव्हतं, त्याच्या मते. तांब्या घेऊन निघाला.

थोरले उजव्या हाताला बसले होते, आम्ही डाव्या. वरणभात पडला. काशीनाथ निघाला मान खाली घालून, चाल तीच, लय तीच. धार उजवीकडं पडली. पुढं गेला. धार उजवीकडं. पुढं. आमची रांग हात आखडून बसली होती. बालाजी म्हणजे माझा पुतण्या, पंचायतीला उभं राहायची हौस असलेला. तो पहिल्यांदा नुसता हसला. मग पानं ओलांडत काशीनाथ जसा पुढं सरकला तसा त्याच्या तोंडावरचा रंग बदलत गेला. समोर आबासाहेबानं भात कालवला, घास घेतला आणि बोटं चाटली. मुद्दाम चाटली. मी बघितलं.

काशीनाथ रांगेच्या टोकाला पोचला. तांब्यात अर्धं तूप शिल्लक. त्यानं तांब्यात बघितलं, आणि कधी नव्हे ते त्याच्या चेहऱ्यावर मला शंका दिसली. हिशोब चुकलाय एवढं त्याला कळलं, कुठं ते कळेना. पण माघारी फिरायचं नाही ही रीत. तो फिरला असता तर आमची रांग त्याच्या उजव्या हाताला आली असती, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. तो फिरला नाही. तांब्या मारुतीपुढं ठेवला आणि हात धुतले.

"उठा रं," बालाजी म्हणाला.

आख्खी रांग भरल्या पानावरून उठली. भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे आमच्याकडं लेकराला कळतं. बालाजीनं जाता जाता त्याच्या तोंडावर विचारलं, "मास्तरच्या, थोरल्यांनी काय दिलं तुला?"

काशीनाथ बोलणाऱ्याला शोधत उजवीकडंच बघायला लागला. बालाजी डाव्या अंगाला उभा होता. तोंड फिरवलं असं सगळ्यांना वाटलं.

मग योगीराज घरोघर फिरला. दवाखान्याचे कागद दाखवले, आजार सांगितला. पण आधी अशक्तपणा सांगितला होता ना! बालाजी म्हणाला, "पयले अशक्तपणा व्हता. पंगत उठली तवा डोक्यात गेला व्हय? आन डावी बाजू दिसत न्हाई म्हणता. मग आमचीच बाजू डावी कशी?"

याला उत्तर होतं, सोपं होतं, पण ते ऐकायला समोरच्याच्या मेंदूलाही तिकडं मान वळवावी लागते.

त्यानंतर पोरांनी खेळ सुरू केला. काशीनाथ पारावर बसला की डावीकडून टोपी उचलायची. डाव्या कानाशी हाक मारायची आणि तो उजवीकडं शोधायला लागला की हसायचं. त्याच्या डाव्या हातातली काठी सोडवून घ्यायची. एक दिवस बालाजीनं पारावर ताट आणवलं. उजवीकडं कोरडी भाकर, डावीकडं पुरणपोळी, गुळवणी, तूप.

"जेवा काशीनाथराव. तुमच्या नातीचं जमलं म्हणून गोड केलंय."

तो कोरडी भाकर खात राहिला. पाण्याबरोबर गिळली. एक जण मोबाइलवर सगळं काढत होता. बालाजीनं विचारलं, "गोड झालंय का?" काशीनाथ भला माणूस. म्हणाला, "छान झालंय." पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मग बालाजीनं ताट फिरवलं. काशीनाथ पुरणपोळीकडं बघत राहिला. कुठून आली, कुणी वाढली, काही कळेना. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पोळी उचलून बालाजीलाच दिली. "तुला न्हाई वाढली वाटतं कुणी," म्हणाला.

ते मोबाइलवर गावभर फिरलं. थोरल्यांनी बघितलं, धाकट्यांनी बघितलं, बायांनी भाकरी थापताना बघितलं. त्या दिवसापासून एकालाही शंका राहिली नाही की काशीनाथला खरोखरच दिसत नाही. बालाजीला तर सगळ्यांत जास्त खात्री. पण रुसवा कुणी सोडला नाही. हातात आलेला रुसवा असा फुकट कोण सोडतो? निवडणूक जवळ आलेली.

ईश्वरीच्या लग्नाची तारीख धरली, वैशाखातली. पंगत आमच्याच गावात. धाकट्यांनी निरोप धाडला: काशीनाथनं तूप वाढायचं नाही. आणि ज्यानं वगळलं त्यानंच लग्नाच्या सकाळी पायानं येऊन दारोदार आवतन द्यायचं. एकटं. लेकाचा हात धरून नाही. एक दार चुकलं तरी धाकट्यांतलं माणूस पंगतीला येणार नाही.

अर्धं गाव पंगतीला आलं नाही तर मानवतकर काय समजायचे ते समजणार. घराला काहीतरी बट्टा आहे. काशीनाथनं तुपाचं ऐकलं आणि तांब्या फळीवर पालथा घातला. मग म्हणाला, "वाढू दे कुणालाबी. दोन्ही रांगा बसू द्या."

तेव्हा अनसूयेला सुचलं. डॉक्टरीणबाईपुढं त्यानं जाताना थोरले सांगितले होते, येताना धाकटे. "सरजाबाई," ती मला म्हणाली, "जाताना थोरल्यांची दारं उजवीकडं. मारुतीला हात लावायचा, माघारी फिरायचं. येताना धाकट्यांची दारं उजवीकडं. आवतनाला माघारी फिरू नये अशी रीत कुठं हाय?"

नव्हती. ती फक्त तुपाला होती.

तिनं त्याच्याकडून सराव करून घेतला. उन्हं उतरली की निघायचं. दार आलं की कडी वाजवायची. मारुतीला हात, आणि वळायचं. पहिल्यांदा तो मारुतीपाशीच बसून राहिला, म्हणाला झालं की सगळं. मग हळूहळू त्याला सवय लागली. येताना माझ्या दाराची कडी वाजली तेव्हा मी भाकरी टाकून धावले. रस्ता ओलांडताना अनसूया मागं राहून "डावीकडं बघा" म्हणायची, तो मान वळवायचा. सांगितलं तर वळवायचा. आबासाहेब ओट्यावरून बघायचा. "जाताना आमी, येताना ते? म्हंजी आमी पयले. चालतंय की!" म्हणून मिशीत हसायचा.

लग्नाच्या सकाळी धाकट्यांची शर्त होती, एकटं. अनसूया दारातच थांबली.

रस्त्याचा अलीकडचा अर्धा भाग काशीनाथनं नीट ओलांडला. त्या भागातली गाडी उजवीकडून येते. पलीकडच्या अर्ध्यात डावीकडून येते. पाण्याचा टँकर होता. टँकरवाल्यानं भोंगा दिला, खूप दिला, सगळ्या गल्लीनं ऐकला. काशीनाथनं आवाज ऐकला आणि उजवीकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. तो पुढं चालला. मारुतीला हात लागला नाही.

ईश्वरीचं लग्न पुढं मानवतला नवऱ्याच्या दारात चार माणसांत उरकलं. मानवतकर भले निघाले. आजाराचं त्यांना आधीच कळलं होतं, मोबाइलवरून. त्यांचं काही म्हणणं नव्हतं. योगीराज ज्याला इतकं भ्यायला होता ते भ्यायचं कारणच नव्हतं, आणि हे कळल्यावर तो गोठ्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटत बसला.

धाकट्यांतलं कुणी खांदा द्यायला गेलं नाही. तेराव्याच्या पंगतीलाही नाही. बालाजी अजून सांगत फिरतो, "सकाळी बघितलं न्हाई का समद्यांनी? थोरल्यांची दारं वाजवत गेला, आमच्या दारांकडं ढुंकून बघितलं न्हाई. मरताना बी बेइमानच." आणि धाकट्यांतले माना डोलावतात. मी तेराव्याला निघाले तेव्हा माझी सून म्हणाली, आत्याबाई, आवतन न्हाई, कशाला जाता? मी गेले. समोर थोरल्यांची भरगच्च रांग आणि या बाजूला मी एकटी. तूप दुसराच कुणीतरी वाढत होता. माझ्यापर्यंत यायला त्यानं फार वेळ लावला. त्याचे दोन्ही डोळे आणि आख्खा मेंदू शाबूत होता.

बालाजी सांगतो ते खोटं नाही. मीही बघितलं. त्या सकाळी मी ओट्यावरच होते.

आमच्याकडं पंगतीला जाताना पाणी प्यायला तांब्या घरूनच न्यायचा असतो. मी पहाटेच चिंचेनं घासून लख्ख केला होता, शेजारी ठेवला होता. काशीनाथ घरातून निघाला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. दाढी दोन्ही गालांची गुळगुळीत, ती अनसूयेनं केली असणार. मान खाली, चाल तीच, एका लयीची. पहिलं दार आलं. त्यानं कडी वाजवली.

"चला आबासाहेब, पंगत बसायलीय. तांब्या घेऊन चला."

"आलो, आलो," आबासाहेब म्हणाला. "जाताना आमीच का पयले?"

काशीनाथ नुसता हसला. पुढं निघाला. माझ्या ओट्यासमोरून गेला, इतक्या जवळून की धोतराच्या निळीचा वास आला. समोर बघत होता. माझ्याकडं बघितलं नाही. थोरल्यांच्या पुढच्या दाराशी थांबला आणि कडी वाजवली.

"चला, पंगत बसायलीय. तांब्या घेऊन चला."

मी हाक मारली नाही. तांब्या मांडीवर घेतला आणि बसले. येताना सांगणारच होता.